‘जोरात ब्रेक मारला’ म्हणून बाद ठरवलं, तर काय करायचं?

ड्रॅग रेस होती, म्हणजे दोन गाड्यांची शेजारशेजारच्या लेनमधून सरळ पाव मैलाची शर्यत. माझ्या लेनचा जिंकल्याचा दिवा लागला होता. टाइम स्लिप, म्हणजे फेरीच्या वेळा आणि वेग छापलेली चिठ्ठी, घ्यायला खिडकीपाशी थांबले, तर आतल्या माणसाने स्लिप हातात देता देता सांगितलं, ‘टॉवरकडे जा, तुम्हाला बाद केलंय.’

उपांत्य फेरी होती. माझं डायल-इन, म्हणजे गाडी किती सेकंदांत पोहोचेल याचा आधी सांगितलेला आकडा, १२.४०, समोरच्याचं १०.९०. म्हणजे हिरवा दिवा मला दीड सेकंद आधी, आणि मग पूर्ण पाव मैल तो मागून येतोय हे माहीत असताना गाडी सरळ ठेवायची. शेवटच्या दीडशे फुटांत दोन गोष्टी एकदम कळल्या. मी अजून पुढे आहे, आणि गाडी आज डायलपेक्षा जास्त पळतेय. ब्रेकआउट होणार, म्हणजे डायलपेक्षा लवकर पोहोचून हरणार, या भीतीने पाय ब्रेकवर आदळला. मागच्या टायरांतून धूर निघाला, गाडीचा मागचा भाग मधल्या रेघेकडे सरकला, मी स्टिअरिंग उलटं दिलं आणि गाडी सरळ झाली. रेघ ओलांडली नाही, भिंतीला लागले नाही, आणि ०.०१८ सेकंदाने आधी पोहोचले.

हेल्मेट न काढताच टॉवरकडे धावले आणि ‘मी रेघ ओलांडलीच नाही’ हे एकच वाक्य मोठ्याने पुन्हा पुन्हा सांगत राहिले. रेघ ओलांडल्याचा आरोप कोणी केलाच नव्हता. माझा मोठा भाऊ, इंजिनचं सगळं काम दादाच बघतो, मागून सांगत होता की आधी ऐकून तरी घे. मी ऐकलं नाही. पुढच्या सीझनला गाडीचं इंजिन उघडलेलं असताना मी त्याच ट्रॅकवर शेवटच्या रेघेपलीकडे वॉकीटॉकी घेऊन उभं राहायचं काम केलं. त्यामुळे खाली जे सांगतेय ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

वाद नेमका कशाचा असतो

ड्रॅग रेसिंगच्या या प्रकारात, म्हणजे ब्रॅकेट रेसिंगमध्ये, ब्रेक मारणं हा गुन्हा नाही. आपली गाडी किती वेळात पोहोचेल ते आपणच सांगायचं, हळू गाडी आधी सुटते, आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचलं तर ब्रेकआउट. असा खेळ असल्यावर शेवटी वेग कमी करणं हा त्याचा भागच झाला. समोरचा किती मागे आहे हे ओळखून जेमतेम पुढे राहणं ही या खेळातली मोठी कला आहे, आणि ती येणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

नियम येतो तो ताबा सुटण्याबद्दल. आपल्या ट्रॅकच्या नियमावलीतले शब्द सीझन सुरू व्हायच्या आधी वाचून ठेवा, कारण सगळा वाद त्या शब्दांवर फिरतो. काही ठिकाणी ‘असुरक्षित ब्रेकिंगमुळे ताबा सुटला तर’ असं असतं. तिथे धूर निघाला पण गाडी सरळ राहिली, असं म्हणायला जागा असते. काही ठिकाणी चाक जाम होऊन धूर निघणं एवढंच पुरेसं धरतात. आणि काही ठिकाणी सगळं रेस डायरेक्टरच्या विवेकावर सोडलेलं असतं. तिथे शब्दांचा कीस पाडून हाती काही लागत नाही. त्यांनी काय पाहिलं आणि तुम्ही काय दाखवू शकता, एवढंच उरतं.

हा नियम कडक का आहे तेही समजून घ्या, नाहीतर तुमचं बोलणं ऐकणाऱ्याला पोकळ वाटेल. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, गाडी नाक खाली घालते, मागची चाकं हलकी होतात. मागे कमी हवेचे, मऊ भिंतींचे, नक्षी नसलेले स्लिक टायर. पुढे अरुंद टायर, ज्यांची पकड मुळात थोडी. जुन्या किंवा खास ड्रॅगसाठी बांधलेल्या गाड्यांत एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बहुधा नसतंच. अशात मागची चाकं जाम झाली की गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो. माझ्या त्या फेरीत मी शेवटची रेघ पार करताना ताशी सुमारे ९३ मैलांवर उतरले होते आणि शेजारच्या लेनमधून तो १२३ ने येत होता. माझी गाडी आणखी दोन-तीन फूट सरकली असती, तर ३० मैलांच्या फरकाने तो माझ्यावर आला असता. पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर तेवढंच असतं. तुमच्या स्पर्धेचा निकाल त्याच्या डोक्यातही नसतो.

रेघेपलीकडे काय होतं याची भीती या खेळात सर्वांत वरच्या पातळीपासून आहे. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउन इथे पात्रता फेरीत इंजिन फुटून स्कॉट कलिट्टा यांची फनी कार थांबूच शकली नाही आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर एनएचआरएने, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेने, टॉप फ्युएल आणि फनी कार या सर्वांत वेगवान गटांची धाव १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणली. आपल्या हौशी गाड्या त्यांच्यापुढे फार हळू आहेत, पण गाडी थांबवायची जागा आणि माणसाचं अंग तेच असतं.

स्लिप काय सांगते आणि काय सांगत नाही

बोलायला जाण्याआधी दोन मिनिटं स्लिप वाचा. बहुतेक लोक ती फक्त मार्जिनसाठी पाहतात, पण ब्रेक कुठे लागला हे तिच्यात लिहिलेलं असतं.

स्लिपवरचा शेवटचा वेग म्हणजे रेघेवरचा वेग नव्हे. तो शेवटच्या ६६ फुटांतला सरासरी वेग असतो. (१९८९ पर्यंत एनएचआरएकडे हे अंतर रेघेच्या दोन्ही बाजूंना मिळून १३२ फूट होतं. आकडा मोठा यावा म्हणून चालक रेघेनंतरही पाय उचलत नसत, म्हणून पलीकडचा सेन्सर काढला.) ६६ फूट म्हणजे माझ्या नेहमीच्या ताशी १०८ मैल वेगाला जेमतेम ०.४२ सेकंद.

आता हिशेब करून बघा. १०८ ने येणारी गाडी पूर्ण ६६ फूट अर्ध्या ‘जी’ने (एक ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर) ब्रेक लावत आली, म्हणजे चांगला ठाम पण चाक न जाम करणारा ब्रेक, तर स्लिपवर १०५ ते १०६ दिसेल आणि वेळ फक्त ०.००९ सेकंदाने वाढेल. पूर्ण एक ‘जी’, म्हणजे टायर जेवढं देऊ शकतो जवळपास तेवढं सगळं, तर साधारण १०३ दिसेल आणि ०.०१९ सेकंद जाईल. याचा अर्थ असा की नेहमी १०८ दाखवणारी गाडी एखाद्या फेरीत ९७ दाखवत असेल, तर ब्रेक त्या ६६ फुटांत लागलेलाच नाही. तो बराच आधी लागलाय. माझी त्या दिवशीची स्लिप ९७ चीच होती. एक ‘जी’च्या किंचित खालचा ब्रेक धरला तर तो रेघेच्या सुमारे १२५ फूट आधी सुरू झाला असं निघतं, आणि त्याने गेले ०.०६ सेकंद.

हे पडताळायचा सोपा मार्ग १,००० फुटांच्या वेळेत आहे. माझी गाडी १२.४० पळते तेव्हा तिथे १०.३४ असते. त्या फेरीत १०.३१ होती. म्हणजे न थांबवता ती १२.३७ गेली असती, ब्रेकआउट. प्रत्यक्षात १२.४३ आली. शेवटच्या ३२० फुटांत सहा शतांश सेकंद जास्त. टॉवरमध्ये हाच कागद माझ्या विरोधात गेला, आणि तो बरोबर गेला. मी रेघेबद्दल ओरडत होते आणि आकडे सांगत होते की हिने शंभरावर फूट जिवाच्या आकांताने ब्रेक दाबून ठेवलाय.

पण स्लिपची मर्यादाही तेवढीच महत्त्वाची. ब्रेक किती लागला हे ती सांगते, गाडी ताब्यात होती की नाही हे सांगत नाही. ९७ मैलांची स्लिप एखाद्या नीट जुळवलेल्या ब्रेकच्या गाडीत अगदी सरळ रेषेतही येऊ शकते. म्हणून ‘वेग किती पडलाय बघा’ एवढ्यावर कोणी तुम्हाला बाद करत असेल, तर तो मुद्दा शांतपणे मांडण्यासारखा आहे. आणि वेग फक्त दोन-तीन मैल पडलेला असताना तुमच्यावर आरोप आला असेल, तर स्लिप तुमचा सर्वांत मजबूत साक्षीदार आहे. त्या दिवसाच्या सगळ्या फेऱ्यांच्या स्लिपा जवळ ठेवा. एकटी स्लिप काही सिद्ध करत नाही, चार स्लिपा ओळीने ठेवल्या की बोलू लागतात.

पहिली पंधरा मिनिटं

गाडी ट्रेलरवर चढवू नका, चाकं काढू नका, पुसू नका. चाक खरंच जाम झालं असेल तर टायरवर सपाट घासलेला डाग दिसतो. नसेल झालं, तर तो नसतो. डाग नसलेला टायर हा स्लिपइतकाच मोठा पुरावा आहे, पण गाडी पिटमध्ये नेऊन टायर बदलल्यावर तो दाखवला तर कोण मानेल? गाडी जशी आहे तशी ठेवून ‘टायर आत्ता पाहाल का’ असं सांगा. ट्रॅकवरच्या काळ्या खुणांचं आयुष्य त्याहून कमी. पुढची जोडी सुटली की त्या गेल्या. खिडकीवर बातमी कळताच तिथल्याच माणसाला वॉकीटॉकीवर विचारायला सांगा: खूण आहे का, कुठल्या लेनमध्ये आहे, सरळ आहे का तिरकी.

मग रेस डायरेक्टरकडे जायचं. स्टार्टरकडे नाही, निवेदकाकडे नाही, आणि रेघेवर उभ्या असलेल्या माणसाकडे तर अजिबात नाही. मी तिथे उभी असताना एकजण पिटमधून थेट माझ्यावर चालून आला होता. मी जे पाहिलं ते मी कळवलं होतं, निर्णय माझा नव्हताच. त्याची दहा मिनिटं माझ्यावर गेली आणि तोवर पुढच्या फेरीच्या जोड्या लागल्या. जोड्या लागून गाड्या रांगेत गेल्या की निर्णय फिरवणं जवळपास अशक्य असतं. एकट्याने जा. सोबत चौघं गेली की ती तक्रार राहत नाही, जमाव होतो.

पहिलं वाक्य प्रश्न असू द्या: ‘काय दिसलं, आणि कुठल्या नियमाखाली?’ उत्तर पूर्ण ऐका. तुम्हाला वाटत असतं धुराबद्दल, आणि त्यांचं म्हणणं असतं की गाडी आडवी झाली. धुराचा खुलासा करत बसलात तर मूळ आरोप तसाच राहतो.

ब्रेक मारला असेल तर सांगून टाका. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. ‘मी ब्रेकला हातच लावला नाही’ म्हणायचं आणि स्लिपवर दहा मैलांचा खड्डा, यानंतर तुमचं कुठलंच वाक्य कोणी धरत नाही. ‘हो, ठाम ब्रेक लावला. गाडी सरळ होती. हे टायर, ही स्लिप, हा व्हिडिओ’ असं बोलणं ऐकून घेतलं जातं. व्हिडिओ बऱ्याच ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत, ते आधीच नियमावलीत पाहून ठेवा. धरत असतील तर गाडीतला कॅमेरा पक्का बसवलेला हवा. डेटा लॉगर, म्हणजे गाडीतल्या नोंदी टिपणारं यंत्र, असेल आणि तो लावायला परवानगी असेल, तर ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या, वेगाची रेषा दाखवा. गाडी पळतेय आणि ती रेषा एकदम शून्यावर पडली, तर मागची चाकं जाम झाली होती. उतरत उतरत आली असेल तर नव्हती. एवढं स्पष्ट उत्तर दुसरं कुठलंच यंत्र देत नाही.

कुठले वाद टिकतात

रेघेपलीकडून पाहणाऱ्याला गाडी समोरून दिसते. समोरून बघताना गाडी डावी-उजवीकडे किती सरकली हे फार स्वच्छ दिसतं; ब्रेक किती फूट आधी लागला हे मात्र कळत नाही. तिथे उभी राहीपर्यंत मला हे माहीत नव्हतं. म्हणून ‘गाडी सरकली नाही’ हा वाद पुराव्याशिवाय घालू नका, तुमच्या आसनावरून दिसतं त्यापेक्षा त्याला ते जास्त चांगलं दिसलंय. आत बसून तुम्हाला जे फूटभर वाटतं ते बहुतेक वेळा जास्त असतं. ‘ब्रेक रेघेनंतर लागला’ हा वाद मात्र घाला, कारण तिथे त्याची नजर कमजोर आहे आणि स्लिप पक्की.

लेनची चूकही होते. वारा आडवा असला तर एका गाडीचा धूर दुसऱ्या लेनवर जातो. माझ्या हातून एकदा असं होता होता राहिलं. मी कळवण्याआधी खुणा बघायला दोन पावलं पुढे गेले म्हणून वाचले, नाहीतर निर्दोष माणूस बाद झाला असता आणि मला ते आयुष्यभर लागलं असतं. प्रत्येक धूर टायरचा नसतोही. गरम एक्झॉस्टवर ऑइल किंवा गिअरबॉक्सचं तेल पडलं तरी धूर येतो. पण हे सांगून सुटताना जपून, कारण ट्रॅकवर तेल सांडणं ही स्वतंत्र आणि मोठी भानगड आहे.

फक्त प्रतिस्पर्ध्याच्या तक्रारीवरून निर्णय झाला असेल तर ते जरूर विचारा. ‘याने मुद्दाम हळू डायल लावलंय आणि शेवटी ब्रेक मारून जिंकतो’ ही नेहमीची तक्रार, पण ती डायलबद्दलची आहे, ताबा सुटण्याबद्दलची नाही. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

आणि वाद होऊच नये म्हणून

मला विचाराल तर खरी मेहनत इथेच करावी.

वेग पायाने कमी करायच्या दोन रीती आहेत. माझ्याच गाडीचे आकडे घ्या. तेच सहा शतांश सेकंद घालवायला ब्रेक रेघेआधी १२५ फुटांवर आदळावा लागला होता. नुसता ॲक्सिलरेटर सोडून, हवेच्या आणि इंजिनच्या रोधाने साधारण ०.२ ‘जी’ धरला, तर तेवढेच सहा शतांश २६० फुटांत जातात. म्हणजे निर्णय दुप्पट अंतरावरून घ्यायचा, एवढाच फरक. सरावाच्या फेऱ्यांत मी २६० फुटांच्या आसपास भिंतीवरची एक ठळक खूण धरून ठेवते आणि तिथे पाय उचलून स्लिपवर काय पडतं ते वहीत लिहिते. वही भरत गेली तशी ब्रेकची गरज कमी होत गेली.

दोन्ही पायांनी चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. उजवा पाय पूर्ण दाबलेला ठेवून डाव्याने ब्रेक लावला, तर मागच्या ब्रेकशी इंजिन भांडत असतं, म्हणून चाक फिरत राहतं. सगळं ताब्यात आहे असं वाटतं. मग रेघ आली की उजवा पाय उचलला जातो, इंजिनचा जोर नाहीसा होतो, आणि ब्रेकला विरोध करणारं कोणी न उरल्यामुळे मागची चाकं त्याच क्षणी जाम होतात. माझ्या उपांत्य फेरीत हेच झालं होतं, आणि दादाने लॉगरची रेषा दाखवीपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. उपाय: आधी उजवा पाय सोडा, गाडीचं नाक बसू द्या, मग ब्रेक, आणि तो दाबत न्यायचा, आदळायचा नाही.

गाडीत मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर तो सरावाच्या दिवशी, रेघ पार झाल्यावर, मोकळ्या लेनमध्ये जुळवा. मागचा दाब थोडा कमी बरा. टायरची हवा बदलली की पुन्हा तपासा. बर्नआउटसाठी, म्हणजे फेरीआधी मागचे टायर जागच्या जागी फिरवून गरम करण्यासाठी, लाइन-लॉक (फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवणारी सोय) वापरत असाल तर बटण सोडल्यावर पुढची चाकं खरोखर मोकळी होतात का ते हाताने फिरवून बघा.

समोरच्याला लाल दिवा लागलेला दिसला, तर तुम्ही जिंकलेले आहात. सरळ जा, पाय उचला. बहुतेक ठिकाणी लेनची रेघ ओलांडणं हा लाल दिव्यापेक्षा मोठा दोष धरतात, म्हणजे जिंकलेली फेरी नुसत्या ब्रेकने परत त्याच्या हातात जाते.

निर्णय कायम राहिला तर दोन गोष्टी विचारून घ्या: ही नोंद सीझनभर धरली जाते का, आणि पहिली फेरी असेल तर पैसे भरून परत येण्याची सोय बाद झालेल्यांना आहे का. मग समोरच्याकडे जा. तुमच्या जागी आता तो पुढच्या फेरीत आहे, आणि कदाचित तुमच्याच लेनमध्ये. गाडी कुठे सरकली, तिथे पकड कशी होती, ते त्याला सांगा. मी त्या दिवशी सांगितलं नाही. अंतिम फेरीला तो माझ्याच लेनमधून गेला, आणि तो थांबून सुखरूप वळेपर्यंत मी कुंपणाला धरून उभी होते.